अण्णांनी आज कानानं वेल्डिंग केलं

मंडळी, आज आमच्या मोडनिंबच्या वर्कशॉपमध्ये जे घडलं ते सांगते.

माझे वडील, अण्णा, जन्मभर वेल्डर. चार महिन्यांपूर्वी शुगरनं त्यांची नजर गेली. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेच नव्हते. वर्कशॉप मीच चालवते.

सकाळी एक शेतकरी काका नांगराचे झिजलेले फाळ घेऊन आले. "यावर वेल्डिंगचा थर अण्णांच्याच हातचा पायजे," म्हणाले. मला जरा लागलं, पण घरी जाऊन अण्णांना हाताला धरून घेऊन आले.

ते स्टुलावर बसले. मी कडक धातूच्या वेल्डिंग रॉडनं झिजलेल्या टोकांवर थर चढवायला लागले.

"लांबनं मारतीस. आवाज फुटतोय, रॉड जवळ घे की!" अण्णा म्हणाले.

मी रॉड फाळाच्या आणखी जवळ नेला आणि आवाज एकसारखा झाला.

फाळ गार झाल्यावर अण्णांनी त्यावर कानस फिरवली. ती न चावता घसरली, म्हणजे थर हवा तसा कडक झाला होता.

"अण्णा, हात तुमचाच!" काका म्हणाले.

"माझा न्हाय, पोरीचा हाय." मग हळूच मला विचारलं, "उद्या किती वाजता उघडतीस?"

तुमच्या घरीही असं कुणी बसून आहे का? त्यांना कामातलं काही विचारता का? मी चार महिने विचारलंच नव्हतं.