काळी धूळ, पांढरी धूळ

घुग्घुसच्या कोळसा खाणींच्या रस्त्यावर पंक्चर काढणारा आमचा एक भाऊ आहे. फुरसत मिळाली की काठीला जुन्या स्पीकरचं चुंबक बांधून तो ट्रकांमधून पडलेले नटबोल्ट गोळा करतो आणि दागिने मांडावे तसा त्यांचा फोटो स्टेटसला टाकतो. ते कोणत्या वळणावर सापडतात, हे मात्र कुणालाच सांगत नाही.

"काळी धूळ दिसली का लोकायले घुग्घुस समजते," म्हणून तो बोल्ट आधी शाम्पूनं धुतो, मग त्यांना सिमेंट चोळतो. "जाऊ दे लेकाचे गडचांदूरले, सिमेंटच्या कारखान्यायकडे!"

शेजारचा वेल्डर खरंच गडचांदूरला गेला आणि पोतंभर बोल्ट घेऊन आला. मला दाखवले, सगळे पांढरेफक. संध्याकाळी त्यानंही स्टेटस टाकलं, पण बोल्ट कोळशाच्या भुकटीत लोळवून.

फोटो पाहून आमचा भाऊ उडालाच. "हे तं माह्या वळनावरचे होय! कोनं सांगतलं याले?"

आता दुकान बंद ठेवून तो दिवसभर त्या वळणावर चुंबक धरून पहारा देतो. परवा थांबून विचारलं, तर हळूच म्हणाला, "भाऊ, फोटोतली धूळ वळखाले आपल्यासारखी नजर लागते."