वीसफुटी चाचा

चाचा झोपले की त्यांचे पाय खाटेबाहेर असत. खाट त्यांनी स्वतःच वेल्ड केलेली, सहा बाय चार. बाजारात पाइप वीस फुटांचा येतो. त्यात तेवढी चौकट बरोबर बसते, तुकडाही उरत नाही. चाचांची उंची सहा फूट दोन इंच. चूक खाटेची नसून उंचीची, असं त्यांचं ठाम मत. चाची म्हणत, "यायले मानसापरीस पाइपाची काळजी जास्त." अमरावतीच्या एमआयडीसीत त्यांना सगळे वीसफुटी चाचाच म्हणत.

मी अकोल्याहून आलेली नवी इंजिनिअर, भलतीच शहाणी. शेंदूरजनाघाटच्या एका बागवाल्यासाठी संत्री आकारानुसार वेगळी करणारं यंत्र, माझं पहिलंच. तोडणीच्या आत ते चाललं नसतं, तर मालकांनी मला कायमचं फायली लावायला बसवलं असतं. मी रोलर सत्तेचाळीस मिलिमीटरचे काढले आणि प्रत्येक मापात चुकायला केसाएवढीच सूट दिली.

चाचांनी चष्मा पुसून ड्रॉइंग दोनदा पाहिलं. "बेटा, दीड इंची पाइप भेटते, दोन इंची भेटते. सत्तेचाळीस फक्त तुह्या कागदावर भेटते."

"दोन इंची घासून घ्या ना."

"घेतो. पन मी मेल्यावर कोन घासन?"

रोलर शेवटी बाजारातल्या दोन इंची पाइपाचेच झाले. "निदान संत्री खाली पडायच्या मधल्या फटी तरी तंतोतंत ठेवा," मी हट्टाला पेटले. चाचांनी डब्यातलं संत्रं काढून व्हर्नियरनं मोजलं. अडुसष्ट मिलिमीटर. थोडं फिरवून मोजलं, एकाहत्तर. "आता याले विचार, तुही सूट किती हाय?" सगळं वर्कशॉप हसलं. मी रागारागानं ते संत्रं खाऊन टाकलं.

हाच माणूस बेअरिंगच्या जागेसाठी मात्र हटून बसला. मला झकास वाटलेलं काम त्यानं तीनदा मोडीत काढलं. "फटीले चालते. इथं नाई चालत." कुठे सोडायचं आणि कुठे नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. यंत्र वेळेत चाललं. मालकांनी माझं कौतुक केलं, चाचा बाजूला बसून चहा पीत होते.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा बागवाल्याचा फोन आला. "मॅडम, ऐन तोडणीत दोन रोलर वाकले."

चाचा नाहीत, आता कुणाकडे जाऊ?

"मोर्शीतून दोन इंची पाइप आनला, इथल्याच वेल्डरनं बसवून देल्ला. बेअरिंग जुनेच, ठणठणीत. सांगाले फोन केला फक्त."

फोन ठेवून मी रडले. मग चाचींना कळवलं. त्या म्हणाल्या,

"सारी जिंदगी बाजाराच्या मापानं काढली, बेटा. एक कबर तेवढी त्यायच्या मापाची झाली."