माडीवरचा वीज-तपासनीस

तपासनीस वारल्याचं शिंप्याला एका गिऱ्हाईकाकडून कळलं, तेही पँटची उंची मोजता मोजता. "तुमच्या माडीवर राहायचे ना ते? तुम्हाला सगळं माहीत असेल," गिऱ्हाईक म्हणालं. शिंप्याने मान हलवली खरी, पण आठवायला बसला तर हाती फारसं काही लागेना. माणूस वर्षानुवर्षं आपल्या डोक्यावर राहिला आणि ठाऊक काय, तर बायको वारलेली, मुलगी लांबच्या गावी, चहात साखर नको, काम वीज तपासण्याचं. मुलीचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं. ही गोष्ट सांगणाऱ्यालाही त्याहून जास्त माहिती नाही.

दुकानं, कचेऱ्या, भाड्याच्या खोल्या, यांचं वायरिंग धड आहे की नाही ते तपासनीस बघायचा. दारात पाय ठेवला की पहिलं वाक्य, "मेन बंद करा." मग पंखे थांबायचे, संगणक विझायचे आणि माणसांची तोंडं वाकडी व्हायची.

"आमच्या धंद्यात कुणी 'या, बसा' म्हणत नाही, मास्तर," तो एकदा शिंप्याला म्हणाला होता. "'किती वेळ लागेल' एवढंच विचारतात."

तारेत वीज नाही ना, हे बघायची त्याची एक रीत होती. आधी चालू जागी टेस्टर लावायचा, मग बंद तारेला, मग पुन्हा चालू जागी.

"स्वतःच्या टेस्टरवरही भरवसा नाही का साहेब?" शिंप्याने थट्टा केली.

"पेटतो तेव्हा आहे. गप्प बसला की तार मेली की टेस्टर मेला, कसं कळणार?"

संध्याकाळी जिना चढण्याआधी तो दुकानातल्या स्टुलावर घटकाभर टेकायचा. शिंप्याची बायको कधी वाटीभर भाजी पुढे करायची. दुसऱ्या दिवशी वाटी लख्ख घासून परत यायची. दिवसभर परक्या घरांत वावरणाऱ्या त्या माणसाला बसायला म्हणून तेवढीच एक जागा होती.

शिंप्याच्या इस्त्रीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्यावर नवरा-बायकोने आपली तोड काढली होती: पायाखाली लाकडी फळी घ्यायची की झालं. एका संध्याकाळी बाई फळी विसरल्या, इस्त्री उचलली आणि हात झटकला.

"काही नाही हो भावजी, हिचा स्वभावच असा आहे," त्या हसून म्हणाल्या.

भावजी हसले नाहीत. मीटरच्या खोलीत गेले ते अंगभर जळमटं घेऊनच परत आले. इमारतीची अर्थिंगची तार पूर्वी कुणी पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधली होती. पाइप जमिनीत जात होता तोवर ठीक होतं. पुढे तो गंजला, मालकाने खालून प्लास्टिकचा जोडला, आणि वरचा लोखंडी तुकडा तारेसकट तसाच लटकत राहिला.

"तार आहे, घट्ट बांधलेली आहे, दिसायला झकास," तपासनीस म्हणाला. "जमिनीला लागलेलीच नाही, एवढंच."

त्याने मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "तपासनीस तुम्ही बाहेर. इथे भाडेकरू." त्याचंही खोटं नव्हतं. स्वतः राहतो त्या इमारतीची तपासणी तपासनीसाला करता येत नसे. खात्याला कळवायचं तर दुसरा तपासनीस येणार आणि दुरुस्ती होईपर्यंत वीज तोडणार. शिंप्याकडे तर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला.

"एवढं काम हातावेगळं होऊ द्या," शिंपी म्हणाला. "आजवर कुणी मेलं का?"

"मेल्यावरच बोलावतात मला, मास्तर. या वेळी आधी कळलंय."

"मालक तुम्हाला ठेवायचा नाही."

"माहीत आहे."

"मग जाणार कुठे?"

तपासनीस स्टुलावरून उठला. "ते अजून बघितलं नाही," म्हणाला.

सकाळी त्याने खात्याला कळवलं. वीज तुटली, गणवेश दुसऱ्या शिंप्याकडे गेले. वरच्या बिऱ्हाडांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. स्टुलावर कापडाचे तागे येऊन बसले, भाजीची वाटी बंद झाली. संध्याकाळी तो दारातून एकदा आत बघायचा आणि अंधाऱ्या जिन्याने चाचपडत वर जायचा. शेवटी मागच्या बोळात खड्डा खणून नवं अर्थिंग झालं, वीज आली, झिणझिण्या थांबल्या. शिंप्याचा राग मात्र तसाच राहिला. मालकाने खोली खाली करायला सांगितली.

जायच्या दिवशी तपासनीस एका हातात बॅग, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी घेऊन दुकानात आला. शिंप्याने मशीनवरून मान वर केली नाही.

"किल्ली तुमच्याकडे द्यायला सांगितलीय मालकांनी."

"ठेवा तिथे."

"वहिनी आहेत का?"

"बाजारात गेलीय."

आत भांडी वाजत होती. तपासनीसाने किल्ली कात्रीशेजारी ठेवली आणि पेटी पुन्हा उचलली.

"बरं, येतो मग."

"हं. जाताना दार ओढून घ्या, धूळ येते."