तीस दिवसांना कुलूप

बिरदेव पहिल्या दिवशी कॅमेऱ्याच्या खोलीत गेला, तेव्हा त्यानं खुर्चीवर आपला पटका ठेवला आणि स्वतः फरशीवर बसला. सांगोल्याकडच्या माळावर तीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. पुढं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चनबसप्पांच्या टॉवेल कारखान्यात, गठ्ठे उचलता उचलता त्याचा गुडघा गेला. मालकानं त्याला सोळा कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसवलं. "मेंढरं बघितलीस नव्हं? आता हे बघ."

कॅमेरे बसवणारा शिवराज जुळे सोलापूर भागातला. त्यानं समजावलं, "मामा, या डब्यात तीस दिवसांचं चित्रण मावतं. एकतिसावा दिवस आला की पहिला आपोआप पुसला जातो. चोरीमारी दिसली तर त्या दिवसावर हे कुलूप दाबायचं. मग तो पुसला जात न्हाय."

बिरदेवनं हे मनावर घेतलं. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसला.

आणि एका मंगळवारी डबा कुई कुई करायला लागला. थांबेना. शुक्रवारी शिवराज आला, त्यानं डबा तपासला आणि कपाळावर हात मारला. "तीन दिस झालं, एक चित्र उतरलेलं न्हाय. तिसाच्या तीस दिवसांना कुलूप! नव्याला जागाच न्हाय!"

चनबसप्पा ऐकूनच तापले. "एवढ्या चोऱ्या झाल्या माझ्या कारखान्यात? आणि मला पत्ता न्हाय?"

"चोरी एक बी न्हाय, मालक."

"मग कुलपं कशाची? लाव, बघू दे काय सोनं ठेवलंयस. आणि नुसता कचरा निघाला तर उद्यापासून परत गोदामात, गठ्ठ्यांवर!"

बिरदेवचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. गोदामाच्या पायऱ्याच अकरा. त्यानं पहिल्या कुलपातलं चित्र लावलं.

शिलाई खात्यातली दाक्षायणी स्कूटी शिकत होती. मागं सहा बायका धरून पळत होत्या. एकेक करून सगळ्यांनी हात सोडले, आणि ही पठ्ठी मागं न बघता वळसा घालून थेट टॉवेलच्या ढिगात घुसली. बाया पोट धरून खाली बसलेल्या.

मालकाच्या मिशीचं टोक हललं. "पुढचं."

यंत्रमागावरचा धनाजी ऑफिसच्या बंद दारापुढं उभा. हात जोडतो, काहीतरी बोलतो, मान हलवतो, परत पहिल्यापासून.

"हा कुणाशी बोलतोय?"

"तुमच्याशी. तुमी आत न्हवता."

"म्हणतोय काय?"

"आवाज येत न्हाय की. पर पोरीचं बाळंतपण हाय माढ्याला, रजा पायजे त्येला. गेल्या आठवड्यात तीनदा सराव केला. चवथ्यांदा तुमी आत हुता, तवा पाणी पिऊन माघारी गेला."

चनबसप्पांनी पडद्यावरच्या धनाजीकडं बोट केलं. "शिवराज, जाताना त्याला सांग, जा म्हणावं माढ्याला. आणि मी काय वाघ हाय का म्हणून इचार." मग बिरदेवकडं वळले. "पण हे कुलपात कशाला ठेवलंस तू?"

"लबाड गावला की कुलूप लाव म्हणला शिवराज. सा म्हैनं वाट बघितली, लबाड काय गावंना. मग गावलं ते ठिवलं. चांगला दिस पुसून कसा टाकावा, मालक?"

तेवढ्यात मालकाच्या ध्यानात आलं, की बिरदेवनं मधलं एक कुलूप हळूच ओलांडलं.

"ते काय होतं?"

"काय न्हाय. ऱ्हाऊ द्या की."

"लाव म्हणतो ना!"

लावलं. सुट्टीचा दिवस, मोकळं आवार. कुणा कामगाराची सायकल, आणि तिच्यावर साक्षात चनबसप्पा. एक फेरी. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला दोन्ही हात सोडून, तोंड आभाळाकडं.

शिवराजनं तोंडावर रुमाल धरला. खोलीत डब्याची कुई कुई तेवढी.

"कुणाकुणाला दावलंस हे?"

"कुणालाच न्हाय."

"खरं?"

"बिरोबाची आण. खोलीची किल्ली माझ्या करदोऱ्याला असती, मालक."

चनबसप्पा आधी नाकातून हसले, मग पोटातून. "यप्पा! वर्षभर गुपित पोटात ठेवलं गड्यानं! तुला गोदामात धाडू, आणि हितं कुणा बडबड्याला बसवू व्हय? बस हितंच, आणि खुर्चीवर बस. पण कुलपं आत्ताच्या आत्ता उघड. कुणाला आपला दिवस पायजे असंल तर शिवराज त्याच्या फोनवर टाकून देईल."

बिरदेव खुर्चीच्या कडेला टेकला. एकेक कुलूप उघडत गेला. पहिली पाच उघडली तसा डबा गप्प झाला. एकोणतीस झाली.

"आन् ह्यो तिसावा, मालक? सायकलीचा?"

चनबसप्पा दारापाशी थबकले.

"तो ऱ्हाऊ दे. मला हात सोडून सायकल येते म्हणून घरात कुणी इश्वासच ठेवत न्हाय."