आर. आर. म्हणजे कोण?

सोड्याच्या कारखान्यात किस्से फुटक्या काचेसारखे साचतात. रोज झाडून काढा, तरी एखादा तुकडा कोपऱ्यात राहतोच, आणि नेमका अनवाणी पायाला लागतो.

माझं बी.कॉम. झाल्यापासून कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की विचारतात, "सुजाता, छोटा धंदा वाढवायचा कसा गं? तू तर घरचाच बघतेस." पुस्तकातलं सांगायचं तर भांडवल, मागणी, पुरवठा, जाहिरात. पण आमचा धंदा बाबा आणि तात्या चालवतात. त्यांनी ते पुस्तक उघडलेलं नाही, आणि उघडलं असतं तरी "बरं हाये" म्हणून मिटून ठेवलं असतं. तेव्हा सल्ला मागू नका. किस्से ऐका आणि काय शिकायचं ते शिका.

जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत सोडा भरायचं हातमशीन, मागच्या खोलीत बाटल्या धुवायचा हौद. गोटीचा सोडा तुम्ही प्यायलाच असाल. बाटलीत पाणी आणि गॅस भरून ती उलटी फिरवली की आतली काचेची गोटी गळ्यात येऊन बसते आणि तोंड बंद होतं. पिताना अंगठ्याने गोटी आत दाबायची. मशीन बाबा फिरवतात. गावोगाव माल पोचवतात ते तात्या, बाबांचे थोरले भाऊ.

*

मशीनवर बाटल्या फिरत असताना वर जाळीचं झाकण लागतं, कारण बाटली कधी फुटेल याचा नेम नसतो. आमची जाळी एका बाजूने निखळलेली. ती जागा तात्यांनी पोत्याने झाकली होती आणि त्यावर ते समाधानी होते. काही बाटल्यांच्या गळ्याला बारीक चीर गेलेली. मी त्या निवडून बाजूला ठेवायची, तात्या पुन्हा आणून मांडायचे.

"चालतेत अजून. फुकट खर्चा कायला?"

एका दुपारी बाटली फुटली. काच पोतं फाडून माझ्या वेणीजवळून गेली आणि समोरच्या कॅलेंडरात रुतली. मशीनचा दांडा बाबांच्या हातात तसाच थांबला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. 

तात्या उठले. कॅलेंडरातली काच उपसली, उजेडात धरली.

"काच पाह्य कशी जाड हाये," ते म्हणाले. "बाटली चांगली होती."

त्या संध्याकाळी चीर गेलेली एकूण एक बाटली मी हौदामागे नेऊन फोडली. बाबांनी काचा पोत्यात भरल्या. तात्या मात्र प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होते.

*

आता आर. आर. बद्दल.

आमच्या लाकडी पेट्यांवर पांढऱ्या रंगात 'आर. आर.' अशी इंग्रजी अक्षरं होती. मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी रेल्वेच्या भंगाराच्या लिलावात तात्यांनी त्या पेट्या उचलल्या होत्या. ती अक्षरं रेल्वेच्याच कुठल्यातरी खात्याची असणार. ती खरवडायचा कंटाळा केला गेला आणि गिऱ्हाइकांनी त्याचं नाव करून टाकलं. "आर. आर. चा सोडा द्या."

वाटूर फाट्यावर एकाने विचारलं, "आर. आर. म्हंजे रतनलाल राठी का?"

तात्या म्हणाले, "बराबर."

राजूरचा देवराव हॉटेलवाला म्हणाला, "रामराव असंल."

"बराबर."

एका मास्तरांनी बराच विचार करून 'राजाराम' काढलं. तात्या म्हणाले, "गुरुजी, तुमच्यापासून काय लपतंय?"

राजूरचे आबा पाटील तर सगळ्यांच्या पुढे. गावातलं मोठं माणूस. देवरावच्या हॉटेलात त्यांचं बाकडं ठरलेलं. ते सांगायचे, "आर. आर. चा सोडा मी डोळे झाकून वळखतो. दुसरा पाजला तर तिथंच थुकून देईन."

मी तात्यांना म्हटलं, "खोटं का बोलता?"

"खोटं कुठं बोललो? नावं ते सांगतेत. मी मान हलवतो."

आमचं आडनाव हिवाळे. आम्ही बौद्ध, आजोबांच्या काळात धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं. आमच्या भागात ते ऐकलं की खेड्यातल्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. आणि गोटीचा सोडा बाटलीला तोंड लावून प्यायचा असतो. आर. आर. चा खरा अर्थ एवढाच.

*

वाटूरची गोष्ट हसण्यासारखी नाही, पण धंद्याची आहे.

फाट्यावरचा हॉटेलवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. एक दिवस तात्या तिथे पेट्या उतरवत होते. बाकड्यावर बसलेला एक म्हातारा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू बळीराम हिवाळ्याचा थोरला ना?"

बळीराम म्हणजे माझे आजोबा. तात्या सवयीने बोलून गेले, "बराबर."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्या जालन्याकडे येणाऱ्या एका ट्रकातून परत आल्या. एकही गोटी दाबलेली नव्हती. तात्या पुढच्या गाडीने वाटूरला गेले.

"माल खराब लागला का?"

"न्हाई. माल चांगला हाये."

"मंग?"

"आता तुमीच समजून घ्या ना, तात्या."

यावर तात्या काय म्हणाले असतील? "बराबर" म्हणाले आणि परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बाबांनी यातून धडा घेतला की वाटूर गेलं, आता राजूर तरी सांभाळा. खरंच होतं, राजूर गेलं असतं तर मशीन बंद करायची वेळ होती. मी वेगळा धडा घेतला. नाव लपवूनही गिऱ्हाईक जायचं ते गेलंच. नाव सांगून गेलं असतं तर निदान तात्यांना मान हलवावी लागली नसती.

*

मोडक्या जाळीच्या मशीनवर बाबांना उभं राहू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. बंद पेटीचं नवं मशीन हवं, म्हणून मी नवीन जालन्यातल्या एका बँकेत अर्ज केला. साहेबांनी बोलावलं. तात्या हट्टाने सोबत आले, कोशाच्या रेशमाची टोपी घालून.

"फर्मचं नाव?"

"आर. आर. सोडा," तात्या म्हणाले.

"आर. आर. म्हणजे?"

तात्या अदबीने पुढे झुकले. "साहेब, तुमाला काय वाटतं?"

साहेब चक्क विचारात पडले. म्हणाले, "राजराजेश्वर?"

मी टेबलाखालून तात्यांच्या चपलेवर पाय दाबला. तरी मान हललीच.

"हिवाळे," मी म्हटलं. "कारखाना हिवाळ्यांचा आहे. आर. आर. म्हणजे काही नाही."

साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग बोर्ड लावा. पाहणीला येईन तेव्हा मालकाचं नाव दिसलं पाहिजे. ज्या धंद्याचा मालकच लपून बसलाय त्याला बँक काय देणार?"

 बाहेर आल्यावर तात्या रिक्षा स्टँडजवळ थांबून म्हणाले, "राजराजेश्वर बी चांगलं होतं."

*

घरी भांडण झालं. बाबा म्हणाले, "दारावर बोर्ड लाव. पेट्यांना हात लावू नको."

"का?"

"पेटीवर नाव लिहिलं की लोक नाव पितेत, सोडा न्हाई."

"म्हणून जन्मभर रेल्वेचं नाव विकायचं? माझं नाव शाळेत घातलं तेव्हा आडनावासकट घातलंत ना? तिथे का नाही आर. आर. लिहिलं?"

"शाळेत तुला कोणी प्यायला न्हाई बसलं," तात्या कोपऱ्यातून म्हणाले.

"राजूर गेलं तर खाशील काय?" बाबा म्हणाले. "बोर्ड?"

 राग आला की मी कामाला लागते. मी सरळ पेंटरकडे गेले आणि दारावरच्या बोर्डासाठी नाव सांगितलं. त्याने ब्रश थांबवला.

"हिवाळे सोडा? वा, ताई. भर उन्हाळ्यात हिवाळे. सगळ्या बाजाराचे बोर्ड मी रंगवले, असं नाव कोणाला सुचलं न्हाई. कोणी काढलं?"

"खापरपणजोबांनी."

"लई पुढचं पाह्यलं हो त्यांनी."

मी जन्मापासून ते आडनाव घेऊन फिरत होते. थंड पेय विकणाऱ्या घरात, एवढ्या वर्षांत, आमच्यापैकी एकालाही ते असं ऐकू आलं नव्हतं.

"पेट्या पण रंगवायच्या आहेत," मी म्हटलं. "सगळ्या."

आर. आर. वर निळा रंग बसला. त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'हिवाळे'. ळ च्या मात्रेला पेंटरने टोकाशी एक बर्फाचा थेंब लोंबता काढला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

रंग वाळला तेव्हा राजूरच्या गणपतीची अंगारकी दुसऱ्या दिवसावर आली होती.

सकाळी बाबांनी पेट्या पाहिल्या.  बाटल्या भरल्या, पेट्यांत लावल्या, टेम्पोत चढवल्या. तात्या टेम्पोला एक चक्कर मारून माझ्यासमोर आले.

"अंगारकीलाच सुचलं का तुला?"

"वर्षातला सगळ्यात जास्त माल आजच जातो."

"मी बी तेच म्हणून राह्यलो."

*

राजूरला पोचलो तेव्हा गणपतीच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन असं, की नारळवाले सुद्धा ओरडायचे थांबलेले. देवराव हॉटेलच्या पायरीवर आमचीच वाट पाहत उभा होता. मागून लोक सोडा मागत होते. पहिली पेटी त्याने पाहिली आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"तात्या, आर. आर. च्या पेट्या कुठं हायेत?"

"ह्याच हायेत."

"ह्याच हायेत ते कळतंय मला. तुमी कोण ते बी मला पहिल्यापासून ठावं हाये."

तात्यांनी हातातली पेटी पायरीवर टेकवली.

"माझं काही न्हाई," देवराव आवाज उतरवून म्हणाला. "गिऱ्हाइकाचं म्हणून राह्यलो. पेट्यांची तोंडं भिंतीकडं करून लावा. कोणाला दिसत न्हाई. तुमचं बी भागलं, माझं बी भागलं. बराबर?"

मी बोलायला तोंड उघडलं. तात्यांनी हाताने मला थांबवलं. त्यांचे ओठ 'ब'साठी मिटलेले मी पाहिले. 

"न्हाई," ते म्हणाले.

तात्यांनी गिऱ्हाइकाला 'न्हाई' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. देवरावनेही.

"मंग परत न्या."

"नेतो."

तात्यांनी पेटी उचलली आणि टेम्पोकडे वळले. मला वाटूरच्या त्या परत आलेल्या पेट्या आठवल्या, आणि घरी मशीनजवळ उभे असलेले बाबा.

"देवराव, सोडा देतो का जीव घेतो?" आतून आवाज आला. ठरलेल्या बाकड्यावर आबा पाटील उपरण्याने वारा घेत बसले होते.

"आबा, आज आर. आर. आला न्हाई."

"मंग त्यानं काय धरलंय?"

"ते... दुसरं हाये."

आबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. तात्या पेटी छातीशी धरून तसेच थांबले. आबांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं.

"हि. वा. ळे."

 आबांनी पेटीवरची नजर उचलून तात्यांच्या तोंडावर आणली.

"कोण हिवाळे?"

"मी," तात्या म्हणाले. "आन ही माझी पुतणी."

आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग त्यांनी हात पुढे केला.

तात्यांनी पेटी खाली ठेवली. एक बाटली काढली, धोतराला पुसली, गोटीवर अंगठा दाबला. गॅसचा आवाज सगळ्या हॉटेलात ऐकू गेला. बाटली त्यांनी आबांच्या हातात दिली.

आबा पिऊ लागले. त्यांच्या पायाजवळच्या फरशीवरून माझी नजर हलत नव्हती. थुंकले तर तिथेच थुंकणार होते. फरशी कोरडी राहिली. रिकाम्या बाटलीत गोटी खडखडली तेव्हा मी वर पाहिलं. आबा मिशा पुसत होते.

"आर. आर. ची सर न्हाई ह्याला," ते म्हणाले.

 आबांनी बाटली तात्यांच्या हातात परत दिली.

"दुसरी फोड."