अडणारा प्रोग्राम

नव्वदच्या दशकात मी ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याला टाक्या कॉम्प्युटरवर चालवायच्या होत्या. मालागणिक कृती वेगळी, म्हणजे प्रोग्रामही वेगळा. एवढे सगळे हाताने कोण लिहीत बसणार? मी एका फंक्शनल भाषेत, जिथे प्रत्येक काम म्हणजे एक फंक्शन असतं, प्रोग्राम लिहिणारा प्रोग्रामच लिहिला. कृतीची चिठ्ठी टाइप केली की टाकीचा प्रोग्राम तो स्वतःच रचायचा.

त्यात मी एक अट घातली. अ‍ॅसिड ओतायचं फंक्शन फक्त पाणी भरलेली टाकीच स्वीकारेल, रिकामी नाही. अ‍ॅसिडवर पाणी पडलं की ते उसळून अंगावर येतं. चूक असली तर कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतानाच, सगळं अडेल, टाकीपर्यंत पोचणारच नाही.

"एवढी हुशारी कशाला?" आमचे साहेब म्हणाले. "चाचणीत आपटलीस तर हे काम दुसऱ्याकडे जाईल." मी हट्टी. अट काढली नाही.

चाचणीला कारखान्याचे शेठ खुर्ची टाकून बसले. तिथल्या सुपरवायझर काकांनी चिठ्ठी दिली. कारखाना वर्षानुवर्षं त्यांच्याच चिठ्ठ्यांवर चालत होता. मी ती टाइप करून कंपाइल केली. अडलं. पुन्हा केलं. पुन्हा अडलं.

"अहो, हे तर सुरूच होत नाही!" शेठ उठलेच. साहेबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली: टाकी रिकामी आहे, अ‍ॅसिड ओतता येणार नाही.

काका चिठ्ठीकडे बघत राहिले. "अगं, अ‍ॅसिडचे कॅन गोदामाच्या दाराशी असतात ना. गोदामातून जे आधी बाहेर येतं, ते मी आधी लिहितो. आधी पाणी घालायचं हे आमच्या पोरांना पाठच आहे, ते काय लिहायचं?"

"मशीनला पाठ नसतं, काका."

काका शेठकडे वळले. "बसा शेठ. हे अडलं तेच बरं झालं. सुरू झालं असतं तर टाकीपाशी माझीच माणसं होती."

शेठ बसले. काकांनी कपाटातून चिठ्ठ्यांचा जाडजूड गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला. "सगळ्या घाल. चुकेन तिथे अडव मला."

त्या दिवशी अकरा चिठ्ठ्या अडल्या. माझा आनंद मनात मावेना, आणि दर वेळी टाळीसाठी पहिला हात काकांचाच पुढे यायचा.