सोमवारची तारीख

तारीख तिने टाकली, पण टाकायला मी लावली. ही सगळी हकीकत लिहायला मला दोन वर्षं लागली.

औषध घेतल्यावर कुणाला त्रास झाला, तर त्याची नोंद ठेवायचं काम आमची नवी मुंबईतली, महापेची कंपनी करते. डॉक्टरचा मेल ज्या दिवशी येतो तीच तारीख नोंदवायची. सरकारला कळवायची मुदत तिथूनच मोजतात. एका गुरुवारी मेल आला : गोळ्या सुरू केल्यावर पेशंटला कावीळ, दवाखान्यात भरती. टीमचा इनबॉक्स पाहायची पाळी माझी होती. मी पाहिला नाही. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची अर्धी माणसं घरी बसवली होती, कारण मेल वाचायचं काम सॉफ्टवेअर करू लागलं होतं. फार्माकॉलॉजीत मास्टर्स करून मी आधी प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये होतो, मग कॉलेजात शिकवलं, मग इथे आलो. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार, या धास्तीने मी दोन दिवस ऑफिसात बसून स्वतःचा बायोडेटाच दुरुस्त करत होतो.

सोमवारी तो मेल दिसला. मुदतीतले चार दिवस गेले होते. शेजारी टीममधली नवी मुलगी बसायची. माझ्याच विषयात मास्टर्स झालेली, नांदेडकडची, घणसोली गावात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. अजून कायम झालेली नव्हती.

"ही केस घे. आजची तारीख टाक."

"सर, मेल तर गुरुवारचाय. शनिवार-रविवार झोपला होता का?" ती हसली.

"मी सांगतोय ना."

तिचं हसू गेलं. तिने तारीख टाकली. लॉगिन तिचं होतं.

दीड महिन्याने ऑडिटमध्ये नेमकी तीच केस निघाली. मॅनेजर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे झालं कसं?"

"नवीन आहे ती. ट्रेनिंगमध्ये राहून गेलं असेल."

इतक्या सहज बोललो, की माझीच मला भीती वाटली.

"खोटी तारीख आहे ही, ट्रेनिंगचं काय सांगताय?" मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी तिला काढल्याचं पत्र देऊ."

त्या दिवसापासून ती समोर आली की मी मोबाइल काढायचो. मॅडमनी तिलाही विचारलं होतं, पण तिने माझं नाव घेतलं नव्हतं. का, ते मला कळेना, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटायची. गुरुवारी तिने मला चहाच्या टपरीवर गाठलं. आता ती सगळं बोलणार, अशी मी तयारी केली. तिने विचारलं भलतंच.

"सर, इथून काढलं तर आपल्या विषयात आणखी काय काय करता येतं?"

मी कॉलेजात सांगायचो तसा सांगत सुटलो. पीएचडी आहे, क्लिनिकल ट्रायल आहेत, मेडिकल रायटिंग आहे, शिकवता येतं.

"मंग तिथं विचारणार नाहीत का, आधीची नोकरी का गेली?"

खोटी नोंद केली म्हणून काढलेल्या मुलीला यातलं एकही दार उघडणार नव्हतं, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"पप्पा म्हणाले, सरांना विचार," ती म्हणाली. "म्हणून विचारलं."

ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे. मी लिफ्ट घेतली नाही. प्रत्येक जिन्यावर घराचे हप्ते आठवले, लेकीची बारावी आठवली, दोनदा खाली वळलोही. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. "तिचं पत्र थांबवते. तुमचं काय करायचं ते वर विचारावं लागेल."

लिहून दिलं. मग तिच्या टेबलाशी गेलो. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. ती उठून उभी राहिली, सवयीने. मी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः उभा राहिलो.

"तारीख मी टाकायला लावली. मॅडमच्या केबिनमध्ये चूक तुझ्यावर ढकलली तीही मीच. तू घाबरलीयेस हे मला रोज दिसत होतं, तरी स्वतःला वाचवायला गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."